गृहीतकाचे मोल : एच. जी. वेल्सचा वाङ्मयीन जीवनक्रम

विज्ञानकथेचे कथानक बहुधा एका विलक्षण साधनावर उभे असते. कालयंत्र, अदृश्यता, गुरुत्वाकर्षण रोखणारा पदार्थ यांसारखी साधने कथेला गती देतात. परंतु ती खरोखर अस्तित्वात आली तर भोवतालच्या जगात आणखी काय काय बदलेल, हा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. हा प्रश्न कथारचनेचाच भाग मानणारा आरंभीचा मोठा लेखक म्हणजे हर्बर्ट जॉर्ज वेल्स. या प्रश्नाचा त्याला जेथे विसर पडला, तेथे त्याच्या प्रतिभेची मर्यादाही स्पष्ट होते.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. वडील लहानसे दुकान चालवीत आणि व्यावसायिक क्रिकेट खेळत. १८७७ मध्ये त्यांचा पाय मोडला आणि आधीच ओढग्रस्तीच्या असलेल्या संसाराचा तोल ढळला. पुढे आईने अपपार्क येथील श्रीमंत घराण्यात गृहव्यवस्थापिकेची चाकरी धरली, तर वेल्सला साउथसी येथील कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या विज्ञान विद्यालयात आला आणि तेथे थॉमस हक्सलेच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा झाला नाही. लंडन विद्यापीठाची पदवी त्याला १८९० मध्ये मिळाली. प्रत्येक वस्तूला किंमत असते हे दुकानाने, आणि सजीवातील कोणताही बदल एकटा येत नाही हे जीवशास्त्राने त्याला शिकविले, असे म्हणता येईल.

१८८८ मध्ये विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिलेल्या कथेवर पुन्हा पुन्हा संस्कार करून १८९५ मध्ये त्याने ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध केली. यंत्र थांबेल त्या जागी आधीच दुसरी वस्तू असली तर काय होईल, याची चिंता त्यातील प्रवासी करतो. मात्र पृथ्वी स्वतः अवकाशात सतत पुढे सरकत असताना यंत्र त्याच अंगणात कसे राहते, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही.

‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) या कादंबरीत हा हिशेब अधिक कठोर झाला. ग्रिफिनला अदृश्यता लाभते, पण तिच्यासाठी त्याला थंडीत विवस्त्र हिंडावे लागते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसत राहते. बर्फ अंगावर साचतो. कुत्र्यांना वास लागतो. शक्तीने सुटका होण्याऐवजी पाठलाग मागे लागतो. यातही एक गोम होती. प्रकाश अडविल्याशिवाय डोळ्याला दिसू शकत नाही; म्हणजे पूर्णपणे पारदर्शक झालेला मनुष्य आंधळाच असणार. अर्नोल्ड बेनेटशी झालेल्या पत्रव्यवहारात वेल्सने ही अडचण मोकळेपणाने मान्य केली. तिचा पाठपुरावा केला असता तर कादंबरी उभीच राहिली नसती, याची त्याला जाणीव होती.

१८९८ मधील ‘द मॅन हू कुड वर्क मिरॅकल्स’ या कथेत फोदरिंगे नावाच्या सामान्य माणसाला चमत्कारांची शक्ती मिळते. रात्र लांबावी म्हणून तो पृथ्वीचे परिवलन थांबवितो. पृथ्वी थांबते, परंतु तिच्यावरील घरे, माणसे आणि गुरे जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने भिरकावली जातात. आज्ञा शब्दशः पाळली जाते आणि तिचे न योजलेले परिणाम सारे जग उद्ध्वस्त करतात. ‘द फर्स्ट मेन इन द मून’ (१९०१) मध्येही कॅव्होराइट तयार होताच वरची हवा वजनहीन होऊन उसळते आणि वातावरणच अवकाशात निसटण्याचा धोका उभा राहतो. गुरुत्वाकर्षणाला असा पडदा लावता आला तर फुकट ऊर्जेचा अखंड झराच हाती येईल, हे मात्र त्याने कथेबाहेर ठेवले. असा पदार्थ कल्पनेने निर्माण करण्यालाच ज्यूल व्हर्नचा आक्षेप होता. वेल्सची भूमिका निराळी होती. १९३३ मध्ये आपल्या विज्ञानकथांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने अद्भुत गृहीतक एकच असावे आणि बाकीचे जग परिचित नियमांनी चालावे, असे तत्त्व मांडले.

या तत्त्वाची खरी कसोटी ‘द वर्ल्ड सेट फ्री’ (१९१४) या कादंबरीत लागली. फ्रेडरिक सॉडीच्या रेडियमविषयक ग्रंथाच्या आधारे वेल्सने तीत अणुबाँबची कल्पना केली आणि स्फोटानंतरही नगरे दीर्घकाळ निवासास अयोग्य राहतील हे दाखविले. लिओ झिलार्डने ही कादंबरी १९३२ मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणुकेंद्रीय साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. तिचे पर्यवसान काय होईल हे कादंबरीमुळे उमगल्याने त्याने आपले पेटंट ब्रिटिश नौदल खात्याकडे सोपवून गुप्त राखले.

कादंबरीत मात्र या संहाराने हादरलेले राज्यकर्ते ब्रिसागो येथे जमतात आणि विश्वराज्य स्थापन करतात. बाँबचे भौतिक परिणाम बारकाईने मोजणाऱ्या वेल्सने येथे राष्ट्रांचे, सैन्यांचे आणि हितसंबंधांचे जडत्व हिशेबात धरले नाही. फोदरिंगेच्या पृथ्वीप्रमाणे इतिहास थांबला तरी त्यावरची माणसे जुन्याच वेगाने पुढे जातील, हे कथाकार वेल्सला ठाऊक होते. सुधारक वेल्स ते विसरला.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी जळाली. विश्वराज्य आले नाही. एक वर्षानंतर, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, लंडनमध्ये वेल्सचे निधन झाले. आपल्या गृहीतकाचा अर्धा परिणाम खरा ठरलेला आणि उरलेला अर्धा खोटा ठरलेला त्याला पाहावा लागला.