नभोवाणीचे एक आद्य प्रवर्तक : फ्रँक कॉनराड

घरात प्रथम रेडिओ आला तो दिवस आमच्या वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवांस स्मरत असेल. त्या पेटीला श्रोते व जाहिरातदार मिळवून देण्याची वाट ज्यांनी दाखविली, त्यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. त्यांचे अल्प चरित्र वाचकांस सादर करीत आहोत.

फ्रँक कॉनराड यांचा जन्म अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १८७४ साली झाला. सातव्या इयत्तेतच त्यांची शाळा सुटली व १८९० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते वेस्टिंगहाऊस कंपनीच्या कारखान्यात कामास लागले. हातांनी काम करीत करीतच ते यंत्रविद्या शिकले. पुढे त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक पेटंटे जमा झाली.

घड्याळ कोणाचे अचूक, या पैजेवरून १९१२ च्या सुमारास त्यांस बिनतारी विद्येचा छंद जडला. वेधशाळेचे वेळसंकेत ऐकण्यासाठी त्यांनी स्वतःच यंत्र बांधले. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली विल्किन्सबर्ग येथील आपल्या मोटारखान्यातून ते प्रक्षेपण करू लागले. बोलून बोलून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपकासमोर ग्रामोफोन लावला. मग ऐकणाऱ्यांची पत्रे येऊ लागली. प्रत्येकाची फर्माईश पुरविणे अशक्य झाल्याने त्यांनी वार व वेळ ठरवून देऊन नियमित कार्यक्रम सुरू केले.

घरच्या तबकड्या संपल्या, तेव्हा गावातील एका दुकानदाराने नव्या तबकड्या उसन्या देऊ केल्या. अट एवढीच, की दुकानाचे नाव सांगावे. लवकरच ऐकविलेल्या तबकड्यांना इतरांपेक्षा अधिक गिऱ्हाईक येऊ लागले. पैशाची देवघेव न होता झालेली ही जाहिरातच होय. १९२० च्या सप्टेंबरात पिट्सबर्गच्या हॉर्न पेढीने हे संगीत ऐकण्याची यंत्रे विक्रीस असल्याची जाहिरात वृत्तपत्रात दिली. ती वेस्टिंगहाऊसचे अधिकारी हॅरी डेव्हिस यांच्या दृष्टीस पडली. कार्यक्रम रोज असला तर यंत्रे घरोघर खपतील, हे त्यांनी ताडले. त्यातून केडीकेए केंद्र उभे राहिले आणि २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल त्यावरून सांगितले गेले.

त्या रात्री कॉनराड मात्र केंद्रावर नव्हते. नवे यंत्र बिघडल्यास आपले यंत्र चालू करता यावे, म्हणून ते घरच्या मोटारखान्यातच सज्ज होते. पैसे घेऊन जाहिरात प्रक्षेपित करण्याची प्रथा १९२२ साली न्यूयॉर्कच्या एका केंद्राने सुरू केली. आपल्या मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले.

१९२८ साली पिट्सबर्ग विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टरची पदवी दिली. १९४१ च्या डिसेंबरात ते निवर्तले.

आम्ही सारा जन्म शाळेत घालविला. सातवीत शाळा सोडणाऱ्या मुलाचे नाव पटावरून कमी करताना त्याची आशाही आम्ही सोडून देत असू. हे चरित्र वाचल्यावर ती आमची चूक होती असे वाटते. आपल्या ज्ञातीतील असा एखादा मुलगा आज कोणाच्या कारखान्यात राबत असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा, एवढीच ज्ञातिबांधवांस विनंती.