कै. बॅरिस्टरी दिमाखापेक्षा हिशेब थोर मानणारे वीर नरीमन

आमच्या कडा-आष्टी भागातील पुष्कळ कुटुंबांतील कोणी ना कोणी अर्जाची पिशवी घेऊन मंत्रालयाची पायरी चढलेले आहे. ज्या भूमीवर ते मंत्रालय उभे आहे, ती शंभर वर्षांपूर्वी भूमी नव्हती. तेथे अरबी समुद्राचे पाणी होते. त्या भरावाचा जमाखर्च ज्यांनी सरकारपाशी निर्भयपणे मागितला, त्या कै. खुर्शेद फ्रामजी नरीमन यांचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते पारशी होते, आमच्या ज्ञातीचे नव्हेत. परंतु ज्या संस्थेचा जमाखर्च दरवर्षी सभासदांपुढे वाचला जातो, तिच्या स्मरणिकेत त्यांस परके कोण म्हणेल?

नरीमन यांचा जन्म १८८३ साली ठाणे येथे झाला. ते वकील झाले, आणि पुढे स्वराज्य पक्षाच्या वतीने मुंबईच्या कायदेमंडळात गेले. त्या वेळी मुंबईत बॅकबेचा प्रश्न पेटलेला होता. हा प्रश्न तसा जुनाच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले, तेव्हाच ही खाडी बुजविण्यासाठी एक कंपनी निघाली होती. १८६५ साली युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला, आणि कंपनीसह कित्येक सावकार धुळीस मिळाले. पुढे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने तेच काम पुनः हाती घेतले. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत ११४५ एकर नवी जमीन काढावयाची, तिचे आठ विभाग पाडावयाचे, आणि ती विकून खर्च भरून काढावयाचा, असा तो बेत होता.

समुद्र बुजविण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. प्रथम पाण्यात दगडी भिंत घालावयाची. मग बंदरातील गाळ यंत्राने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडावयाचा. पाणी निथळले की गाळ बसतो आणि जमीन तयार होते. परंतु येथे यंत्रातून अंदाजाइतका गाळ निघेना, आणि जो निघे तोही भिंतीच्या फटींतून पुनः समुद्रात जाई. आमच्याकडील पाझर तलाव पाझरावा म्हणूनच बांधतात; तेथे मात्र भिंत पाझरली आणि तिच्याबरोबर प्रजेचा पैसाही पाझरला. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. लोक या कामास लॉइडचा मूर्खपणा म्हणू लागले.

नरीमन यांनी हे प्रकरण धसास लावले. कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांतून त्यांनी खात्याच्या कारभारावर असे आसूड ओढले, की १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमणे सरकारास भाग पडले. खात्यातील हार्वे नामक इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. गोऱ्या अधिकाऱ्याची फिर्याद आणि काळा आरोपी. शिक्षा झाली असती तर पुन्हा कोणी हिशेब मागण्यास धजले नसते. नरीमन निर्दोष सुटले. भरावाचे काम आखडते घेण्यात आले. पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच विभाग पुरे झाले, आणि मधले चार समुद्रातच राहिले.

पुढे सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला, आणि १९३५-३६ साली ते मुंबईचे महापौर झाले. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ यावयाचे ठरले, तेव्हा मुख्य प्रधानपद नरीमन यांस मिळेल अशी पुष्कळांची अटकळ होती. निवड मात्र बाळासाहेब खेर यांची झाली. नरीमन यांनी सरदार पटेलांस दोष दिला. महात्माजी आणि बहादुरजी यांच्यापुढे चौकशी होऊन निर्णय नरीमन यांच्या विरुद्ध गेला, आणि काँग्रेसमधील त्यांचे स्थान संपुष्टात आले. मौलाना आझाद यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात नरीमन यांच्यावर अन्याय झाल्याचे नमूद केले आहे. खेरांची योग्यता वादातीत होती, तरी सरकारास हिशेब विचारणारा मनुष्य सत्तेच्या दारी गैरसोयीचा ठरतो, असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही.

४ ऑक्टोबर १९४८ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. आपला बीड जिल्हा निजामाच्या अंमलातून मुक्त होऊन तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ते अर्धवट राहिलेले काम सरकारने पुनः काढले. जुन्या चर्चगेट रस्त्यास वीर नरीमन यांचे नाव मिळाले, आणि नव्या भरावावर उंच इमारतींची जी वसाहत उठली तिला नरीमन पॉइंट म्हणू लागले. मौज अशी, की त्याच बॅकबेमधील भूखंड १९७० नंतरच्या दशकात कोणास कोणत्या भावाने दिले यावरून उच्च न्यायालयात दावा गेला, आणि तो लढविणारे पिलू मोदी हेही पारशीच होते.