नॉर्बर्ट वीनर : वळणांची सरासरी काढणारा गणिती

शेतात पाणी शोधताना दहा बोअर मारले, तरी अकराव्या जागी जास्त पाणी नसेलच याची खात्री कोण देणार? आणि प्रत्येक बोअरला पैसे लागतात. कॉम्प्युटरलाही हीच अडचण येते. एखाद्या वळणदार रेषेचा सगळ्यात खालचा बिंदू शोधायचा, पण रेषा सलग आहे एवढंच माहीत. वाईटात वाईट रेषा समोर आली तर कितीही ठिकाणी तपासा, हमी नाही. मग सरासरी रेषेचं काय? त्यासाठी आधी सगळ्या सलग रेषांची सरासरी काढता यायला हवी. ती सोय १९२३ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी करून दिली.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ चा, अमेरिकेतल्या कोलंबिया, मिसुरीचा. वडील लिओ हार्वर्डमध्ये भाषांचे प्राध्यापक, पण घरी भलतेच कडक. आठव्या वर्षी डोळ्यांसाठी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केलं, तर वडिलांनी बीजगणित तोंडी शिकवलं! पोरगा चौदाव्या वर्षी पदवीधर, अठराव्या वर्षी डॉक्टरेट. मात्र मुलात विशेष काही नाही, श्रेय शिकवणीचं, असं वडिलांनी जाहीर छापून आणलं. ती सल वीनर यांना जन्मभर राहिली.

१९१९ पासून ते एमआयटीत होते. पाण्यातले बारीक कण सतत थरथरत असतात. त्यांच्या वाटांचं पक्कं गणित वीनर यांनी मांडलं.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान पुढे कुठे असेल, याचा हिशेब त्यांनी केला. हिरोशिमानंतर मात्र मन बदललं. एका विमान कंपनीच्या माणसाने युद्धकाळातला निबंध मागितला, तर तो द्यायला नकार देऊन १९४७ च्या जानेवारीत त्यांनी तो नकार मासिकात छापला. लष्करी संशोधनाला पैसा मिळत असताना असं करायला धाडस लागतं.

१९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहिले. मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. पुढे मसानींनीच त्यांचं चरित्र लिहिलं.

१९६४ मध्ये हॅरोल्ड कुशनर यांनी वीनर यांच्या रेषा धरून उंच टोक शोधण्याची रीत सुचवली. नंतर सिद्ध झालं ते असं : सारख्या अंतरावर तपासत गेलात, तर सरासरी चूक निम्मी करायला चौपट तपासण्या लागतात. आधीची उत्तरं बघून पुढची जागा ठरवलीत, तर चूक कितीतरी झपाट्याने उतरते.

हे पुढचं बघायला वीनर नव्हते. १८ मार्च १९६४ ला स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं.