पोराच्या तिसऱ्या वाढदिवसाला बापाने छळछावणीत बसून चित्रांचं पुस्तक बनवलं

२२ जानेवारी १९४४. टॉमीचा तिसरा वाढदिवस. पण पत्ता होता टेरेझिन, म्हणजे नाझींनी चेक भूमीवर उभी केलेली ज्यूंची छावणी. बाजारातून खेळणं आणायची सोय नव्हती. मग बापाने भेट दिली ती स्वतः काढलेल्या ५२ चित्रांच्या पुस्तकाची.

या बापाचं नाव बेद्रिख फ्रिटा. मूळ नाव फ्रिट्झ टाउसिग, जन्म १९०६ चा. प्रागमध्ये तो व्यंगचित्रं काढायचा. ज्यू असल्यामुळे १९४१ च्या अखेरीस त्याला टेरेझिनला धाडलं. मागाहून बायको हान्सी आणि लहानगा टॉमीही तिथेच आले.

छावणीतल्या ड्रॉइंग ऑफिसचा फ्रिटा प्रमुख होता. दिवसा नाझींना हवे तसे नकाशे, तक्ते आणि अहवाल बनवायचे. रात्री मात्र तो आणि लिओ हाससारखे सहकारी लपून खरं काय ते काढायचे. खच्चून भरलेल्या खोल्या, भुकेली म्हातारी माणसं, पुढच्या छावण्यांकडे नेली जाणारी गर्दी.

टॉमीच्या पुस्तकात यातलं फारसं काही नाही. त्यात रंग आहेत, गंमत आहे. सुटकेसवर उभा राहून खिडकीबाहेर बघणारा टॉमी आहे. मोठा होऊन तू कोण होशील, इंजिनिअर, बॉक्सर की डिटेक्टिव्ह, असे प्रश्न आहेत. भिंतीपलीकडचं जग या पोराला आठवतही नव्हतं, म्हणून बापाने ते कागदावर आणून दिलं.

जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचं पथक येणार म्हणून नाझींनी टेरेझिन रंगवून, सजवून ठेवलं. त्यानंतर महिनाभरातच, १७ जुलैला, चित्रकारांना अटक झाली. आरोप काय? तर बदनामीकारक चित्रं काढल्याचा. कुटुंबांनाही तुरुंगात टाकलं. हान्सी तिथेच गेली. फ्रिटाला ऑशविट्झला पाठवलं आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये तो वारला.

त्याची चित्रं मात्र पत्र्याच्या पेटीत घालून जमिनीत पुरलेली होती. युद्ध संपल्यावर लिओ हास जिवंत परतला. त्याने मित्राची चित्रं शोधून काढली आणि अनाथ टॉमीला दत्तक घेतलं. वाढदिवसाचं पुस्तकही वाचलं. १९८५ मध्ये ते जर्मनीत छापलं गेलं.

टेरेझिनमध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंना आणलं गेलं. त्यातले जवळपास ३३ हजार तिथेच मेले. एवढा मोठा आकडा डोक्यात मावत नाही. सुटकेसवर उभा असलेला तीन वर्षांचा मुलगा मात्र विसरता येत नाही.

फ्रिटाने पुस्तकात टॉमीला एक वचन दिलं होतं. अशी पुष्कळ पुस्तकं मी तुझ्यासाठी काढणार आहे, हे त्यातलं पहिलं.

दुसरं काढायला तो उरला नाही.