शेजारधर्म

मागच्या वर्षी मी आमच्या हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो. आमच्या मेसला लागूनच पहिल्या वर्षाच्या पोरांची वेगळी मेस. त्यांचा हिशोब पार बोंबललेला. खाड्यांची वही कोणी लिहीत नव्हतं, वाण्याची उधारी थकलेली. शेवटी वाण्यानं तेल द्यायचं बंद केलं. वाणी आमचाही तोच. उद्या तो आमचंही बंद करेल, या भीतीनं आम्ही तीन-चार सीनियर एका रात्री गेलो आणि त्यांची वही, गल्ला आणि कोठीची किल्ली सरळ ताब्यात घेतली. दोन महिन्यांत उधारी फिटली. भाजीत बटाट्याशिवाय आणखीही काही दिसायला लागलं. आम्हाला वाटलं, आता पोरं आभार मानतील. कसलं काय! पोरं आमच्याशी बोलेनाशी झाली. समोरून आलो तर मान खाली घालून निघून जायची.

मला भयंकर राग आला होता. त्याच दिवसांत लायब्ररीत मशिन्सचं पुस्तक मिळालं नाही म्हणून चरित्रांच्या कपाटाशी रेंगाळलो आणि फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचं चरित्र हाती लागलं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे अध्यक्ष, पोलिओ झालेले, व्हीलचेअरवर बसणारे, एवढंच मला ठाऊक होतं. पण शेजारी देशांशी ते कसे वागले, हे वाचत गेलो तशी खिशातली ती कोठीची किल्ली मला टोचायला लागली. म्हणून हा लेख.

रूझवेल्ट जन्मले ३० जानेवारी १८८२ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथं. घरात पिढीजात श्रीमंती, आईचे एकुलते एक. हार्वर्डमध्ये शिकले, मग कायद्याकडे वळले. १९०५ साली एलेनॉरशी लग्न झालं. एलेनॉरचे वडील हयात नव्हते, म्हणून लग्नात वडिलांच्या जागी तिचे काका उभे राहिले. हे काका म्हणजे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट! फ्रँकलिनचेही ते दूरचे भाऊ लागत. तरुण फ्रँकलिनच्या डोळ्यांसमोर आदर्श होता तो या थिओडोर यांचाच.

आता हे थिओडोर शेजाऱ्यांशी कसे वागत, ते बघू. त्यासाठी थोडं मागं जायला हवं. १८२३ साली अध्यक्ष मन्रो यांनी युरोपला बजावलं होतं, की अमेरिका खंडात आता नव्या वसाहती करायच्या नाहीत. बोलायला ही शेजाऱ्यांच्या संरक्षणाचीच भाषा. पण १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेनं घेतला. १८९८ साली स्पेनला हरवून प्वेर्तो रिको घेतलं. क्युबा स्वतंत्र झाला खरा, पण गरज वाटली तर आम्ही तुमच्या देशात सैन्य उतरवू, ही अट १९०१ साली त्याच्या राज्यघटनेत घालायला लावली. हीच ती प्लॅट दुरुस्ती. १९०३ साली पनामा कोलंबियापासून फुटला, तेव्हा अमेरिकेच्या युद्धनौका किनाऱ्यावर हजर होत्या आणि लगेच कालव्यासाठी दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेच्या हाती आला.

पुढची पायरी १९०४ ची. या देशांनी युरोपातल्या सावकारांची कर्जं बुडवली की युरोपची आरमारं वसुलीला येत. व्हेनेझुएलाच्या बाबतीत १९०२ मध्ये तसं झालंच होतं. थिओडोर यांनी यावर तोड काढली, की युरोपनं यायचं नाही, वसुली आणि शिस्त आम्हीच बघू. १९०५ पासून डोमिनिकन रिपब्लिकची जकात अमेरिकेचे अधिकारी गोळा करू लागले. ५५ टक्के सावकारांना, ४५ टक्के त्या देशाच्या सरकारला. म्हणजे वाण्याची उधारी आणि कोठीची किल्ली! मी पुस्तक तिथंच मिटलं. पण दुसऱ्या दिवशी परत उघडलं.

१९१३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट नौदल खात्याचे सहायक सचिव झाले. वय एकतीस. थिओडोर यांनीही एकेकाळी हेच पद सांभाळलं होतं. खात्याचे सचिव जोसेफस डॅनियल्स. १९१४ साली नौदलानं मेक्सिकोचं व्हेराक्रूझ बंदर घेतलं, १९१५ मध्ये हैतीत आणि १९१६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मरीन सैनिक उतरले. तरुण रूझवेल्टना यात काही वावगं वाटलं नाही. उलट ते यातल्या उत्साही मंडळींपैकी होते.

जानेवारी १९१७ मध्ये ते स्वतः हैती बघायला गेले. घोड्यावरून आतल्या डोंगराळ भागात फिरले आणि खूश होऊन परतले. सगळीकडे सुधारणा! पुढं राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून उत्तरेच्या कॅप हैतियनपर्यंत मोटार जाईल असा रस्ताही तयार झाला. आता आपण इंजिनिअरिंगची पोरं. आपल्याला रस्ता दिसला की आपण त्याची लांबी, रुंदी, चढ विचारतो. तो कोणी बांधला हे सहसा विचारत नाही. हा रस्ता वेठबिगारीनं बांधला होता. जुना, मोडीत निघालेला एक कायदा उकरून काढून शेतकऱ्यांना धरून आणायचे, कधी दोरखंडानं बांधून. शंभर वर्षांपूर्वी गुलामीविरुद्ध लढून स्वतंत्र झालेला हा देश! तिथं वेठ म्हटल्यावर काय होणार? बंड झालं. बंडाचा नेता शार्लमेन पेराल्त १९१९ साली मारला गेला. त्याच्या प्रेताचा फोटो लोकांना धाक बसावा म्हणून वाटला गेला. झालं उलटंच, तो माणूस हैतीत हुतात्मा ठरला.

याच काळात हैतीला नवी राज्यघटना मिळाली. परक्यांनी हैतीत जमीन घ्यायची नाही, हा त्यांचा स्वातंत्र्यापासूनचा नियम होता. तो नव्या घटनेत काढून टाकला. तिथल्या संसदेनं नकार दिल्यावर संसदच बरखास्त झाली आणि १९१८ मध्ये मरीन सैनिकांच्या देखरेखीखाली सार्वमत घेऊन घटना मंजूर करून घेतली. १९२० साली रूझवेल्ट उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते, तेव्हा त्यांनी भाषणात बढाई मारली, की हैतीची घटना मीच लिहिली आणि चांगली लिहिली. खरं म्हणजे त्यात अनेकांचा हात होता. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर आपण तसं बोललोच नाही असं सांगायचा प्रयत्न केला. तो कोणाला फारसा पटला नाही. निवडणूकही हरले.

ऑगस्ट १९२१ मध्ये पोलिओनं गाठलं. वय ३९. तेव्हा ते कॅम्पोबेलो बेटावरच्या उन्हाळी घरात होते. गंमत म्हणजे हे बेट कॅनडाचं, म्हणजे शेजाऱ्याचंच! दोन्ही पाय गेले. पुढं आयुष्यभर पायांना लोखंडी पट्ट्या बांधून, कोणाचा तरी हात धरून उभं राहावं लागलं. दुसऱ्याच्या आधारानं जगण्यामुळं त्यांचा स्वभाव बदलला आणि म्हणून धोरण बदललं, असं काही जण सांगतात. मला ते फारच सोपं वाटतं. बदलाची कारणं बाहेरही भरपूर होती. निकाराग्वात १९२७ पासून सांदिनो नावाचा माणूस डोंगरात राहून मरीन सैनिकांना झुंजवत होता आणि हाती लागत नव्हता. १९२८ च्या हवाना परिषदेत शेजाऱ्यांनी अमेरिकेच्या ढवळाढवळीवर उघड टीका केली. पुढं मंदी आली. परदेशात सैन्य पोसायला पैसा नाही आणि माल विकायला गिऱ्हाईक हवं, अशी गत. शिवाय पहिल्या महायुद्धानंतर युरोपची आरमारं वसुलीला येण्याची भीतीच उरली नव्हती, म्हणजे थिओडोर यांच्या धोरणामागचं मूळ कारणच गेलं होतं.

पण कारणं सगळ्यांसमोर असतात, त्यातून शिकतात थोडेच. १९२८ साली रूझवेल्टनी एका नियतकालिकात लेख लिहिला. हैतीत रस्ते, दवाखाने झाले हे चांगलंच, असं त्यांना तेव्हाही वाटत होतं. पण कोणी न विचारता एकट्यानं जाऊन दुसऱ्याचं घर सावरायचं हा प्रकार बंद झाला पाहिजे, यानं आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असा त्यांचा सूर होता. स्वतःची चूक म्हणून काही त्यांनी ते कबूल केलं नाही. राजकारणीच ते! पण ज्या कामाची बढाई मारली, त्याच कामाविरुद्ध आठ वर्षांत लिहायचं, हेही कमी नाही.

४ मार्च १९३३ रोजी ते अध्यक्ष झाले आणि पहिल्याच भाषणात चांगल्या शेजाऱ्याचं धोरण जाहीर केलं. याचं सगळं श्रेय त्यांना देणं बरोबर नाही. निकाराग्वातून शेवटचे मरीन सैनिक आदल्या अध्यक्षांच्या, म्हणजे हूव्हर यांच्या काळातच, जानेवारी १९३३ मध्ये परतले होते. डिसेंबर १९३३ मध्ये माँटेव्हिडिओच्या परिषदेत अमेरिकेनं दुसऱ्याच्या कारभारात न पडण्याचं तत्त्व मान्य केलं, तेही थोडी पळवाट ठेवून. १९३६ च्या ब्वेनोस आयरेस परिषदेला रूझवेल्ट स्वतः गेले आणि तिथं ती पळवाटही सोडली.

सवय मात्र सहजासहजी सुटत नाही. १९३३ मध्ये क्युबात क्रांती झाली, तेव्हा तिथल्या अमेरिकन राजदूतानं सैन्य मागितलं. रूझवेल्टनी सैन्य उतरवलं नाही. पण युद्धनौका क्युबाभोवती उभ्या केल्या आणि नव्या सरकारला मान्यताच दिली नाही. चार महिन्यांत ते सरकार पडलं आणि बातिस्ता या लष्करी माणसाचं फावलं. खोलीत शिरायचं नाही, पण दारात उभं राहायचं, असा हा मामला! मे १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, ग्वांतानामोचा तळ तेवढा ठेवून.

जुलै १९३४ मध्ये रूझवेल्ट पुन्हा हैतीत उतरले. सतरा वर्षांपूर्वी घोड्यावर बसून फिरलेला माणूस आता पट्ट्यांच्या आधारानं उभा होता. कॅप हैतियनला त्यांनी अध्यक्ष व्हिन्सेंट यांची भेट घेतली, फ्रेंचमध्ये थोडं बोलले आणि सैन्य काढून घेण्याचं नक्की केलं. १५ ऑगस्ट १९३४ रोजी शेवटचे मरीन सैनिक निघाले. तब्बल १९ वर्षांनी! तिजोरीवरची देखरेख मात्र आणखी बरीच वर्षं राहिली.

खरी परीक्षा झाली मेक्सिकोत. १८ मार्च १९३८ रोजी अध्यक्ष कार्देनास यांनी अमेरिकन आणि ब्रिटिश तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. थिओडोर असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको. कंपन्या तर सरकारच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. मेक्सिकोतले अमेरिकन राजदूत कोण? तर जोसेफस डॅनियल्स! १९१४ साली ज्यांच्या खात्यानं व्हेराक्रूझ घेतलं, तेच. या वेळी मात्र दोघांनी सबुरीनं घेतलं. देशाला स्वतःचं तेल घेण्याचा हक्क आहे, फक्त योग्य भरपाई द्यावी, अशी भूमिका घेतली. शेवटी १९४२ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर ठरले. कंपन्यांचा दावा याच्या कितीतरी पट होता. त्याच वर्षी मेक्सिको अमेरिकेच्या बाजूनं महायुद्धात उतरला. १९३८ मध्ये बंदूक काढली असती तर १९४२ मध्ये हा शेजारी मिळाला असता का? तुम्हीच सांगा.

पण हे सगळं गोडगोड नाही. कारभारात पडायचं नाही म्हटल्यावर हुकूमशहांच्याही कारभारात पडायचं नाही, असं झालं. मरीन सैनिकांनी शिकवून तयार केलेल्या फौजेच्या जोरावर निकाराग्वात सोमोझा बसला आणि सांदिनोला १९३४ मध्ये मारलं. १९३९ मध्ये सोमोझा वॉशिंग्टनला आला तेव्हा रूझवेल्ट स्वागताला स्टेशनवर हजर होते. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्रुहियो होता. त्याच्या सैनिकांनी १९३७ मध्ये हजारो हैतीयन माणसं कापली. तरी तो टिकला. वीस-तीस वर्षं किल्ली आपल्याकडे ठेवायची आणि मग निघताना जो पहिला हात पुढं येईल त्यावर ती टेकवायची, यालाही शेजारधर्म म्हणता येत नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथं रूझवेल्ट गेले. वय ६३. त्यांच्यानंतर धोरण पुन्हा फिरलं. १९५४ मध्ये ग्वातेमालातलं निवडून आलेलं सरकार गुप्तहेर खात्यानं पाडलं, १९६५ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पुन्हा सैन्य उतरलं. मोठ्या देशाचा शहाणपणा एकदा आला की कायमचा मुक्कामाला येतो असं नाही, हेही यातून दिसतं.

असो. पुस्तक परत केलं त्या संध्याकाळी मी शेजारच्या मेसमध्ये गेलो. वही, गल्ला, किल्ली टेबलावर ठेवली. पण सोमोझाचा धडा लक्षात होता. म्हणून समोर दिसेल त्या पोराच्या हातात न देता, तुमचा सेक्रेटरी तुम्ही निवडा आणि त्याला द्या, एवढं सांगून निघालो. सॉरी म्हणायचं मनात होतं, ते काही तोंडातून फुटलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांची उधारी पुन्हा थोडी वाढली. माझे हात शिवशिवत होते, पण गेलो नाही. मग एक दिवस त्यांचा नवा सेक्रेटरी स्वतःच आमच्या दारात आला. गॅस संपला होता, एक सिलिंडर उसना हवा होता. दिला.

तो सिलिंडर अजून परत आलेला नाही. मी मागायला गेलेलो नाही. पण जाता-येता पोरं हाक मारतात.