विश्लेषण : जुन्या गाडीचा रेडिएटर का गळतो? ८,०७० नळ्या एकत्र बसवणाऱ्या मायबाख यांची गोष्ट

मे महिन्यात अकोला-अमरावती मार्गावर मूर्तिजापूरच्या आसपास बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी गाडी दिसतेच. पारा ४४-४५ अंशांवर, इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर आणि गाडीखाली हिरवट पाणी. गाडी कशीबशी घरी आणली की पहिला प्रश्न पडतो, नेमके गळते कुठून? त्याचे उत्तर रेडिएटरच्या रचनेत आहे. ही रचना सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी घडवली. महागड्या मर्सिडीजवर दिसणारे ‘मेबॅक’ हे नाव त्यांचेच आडनाव.

कोण होते मायबाख?

९ फेब्रुवारी १८४६ रोजी हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दहा वर्षांचे होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. रॉइटलिंगेन येथील एका धर्मादाय संस्थेने त्यांना सांभाळले. या संस्थेचा स्वतःचा यंत्रकारखाना होता. पंधराव्या वर्षी मायबाख तिथे आरेखन शिकू लागले. पुढे त्याच कारखान्याचे काम पाहायला गॉटलिब डाइमलर आले. ते मायबाख यांच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठे होते. ही जोडी डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

१८८२ मध्ये दोघांनी कानश्टाट येथे डाइमलर यांच्या बागेतील काचघरात कार्यशाळा थाटली. आत रात्रंदिवस ठोकाठोक चाले. बनावट नाणी पाडली जात असावीत, असा संशय येऊन माळ्याने पोलिसांना कळवले. पोलिसांना सापडली ती फक्त इंजिने!

पाण्याची अडचण काय होती?

सुरुवातीच्या अनेक गाड्यांत इंजिन थंड ठेवणारे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. १८८९ च्या गाडीत मायबाख यांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरवले. पण इंजिनांची ताकद वाढली तशी ही युक्ती अपुरी पडू लागली. १८९७ मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर केला आणि १९०० मध्ये मधाच्या पोळ्यासारखा.

त्यात प्रत्येकी ६ मिलिमीटर रुंद अशा ८,०७० चौकोनी नळ्या डाग देऊन एकत्र जोडल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. मागे पंखा. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागे, इथे ९ लिटरमध्ये भागले. हा रेडिएटर बसवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव मिळाले. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत ती सगळ्यांच्या पुढे होती.

मग गळती का होते?

पातळ पत्रा आणि असंख्य सांधे यांमुळे उष्णता झटकन बाहेर जाते, पण गंज लागतो तोही तिथेच. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर हे अधिकच. अकोला, अमरावतीच्या अनेक गावांत बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. तेच रेडिएटरमध्ये ओतले की आत थर बसतो, धातू खातो. म्हणून कंपनीने सांगितलेले कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरणे हिताचे.

शोध घरीच घेता येतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहून होज पाइपची टोके, क्लिप, वॉटर पंप आणि रेडिएटरच्या कडा तपासाव्यात. ढिली क्लिप आवळणे किंवा कडक झालेला पाइप बदलणे फारसे अवघड नाही. मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वरही द्रवरूपात असते. झाकण फिरवताच उसळून चेहरा-हात भाजतात. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला कारागीर डाग देऊ शकतो. प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला तर बदलणेच बरे. गळती थांबवायला हळद टाकण्याचा घरगुती उपाय अनेकांना ठाऊक आहे. वेळ निभावतोही, पण ती हळद अरुंद नळ्यांतही अडकते. कुलंट सतत कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर दुखणे इंजिनात असू शकते. तिथे घरगुती दुरुस्ती थांबवावी. सांडलेले कुलंट विषारी असते, ते पुसून घ्यावे.

मायबाख यांचे पुढे काय झाले?

डाइमलर मार्च १९०० मध्येच वारले होते. मर्सिडीजचे यश त्यांनी पाहिले नाही. फ्रान्समध्ये मायबाख यांना रचनाकारांचा राजा म्हटले जात होते, पण स्वतःच्या कंपनीत मात्र ते बाजूला पडत गेले. १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी ती सोडली. दोन वर्षांनी मुलगा कार्लसह झेपलिन यांच्या हवाई जहाजांसाठी इंजिने बनवणारी कंपनी सुरू केली. मायबाख नावाच्या गाड्या १९२१ पासून कार्ल यांनी आणल्या. २९ डिसेंबर १९२९ रोजी ८३ व्या वर्षी विल्हेल्म यांचे निधन झाले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच त्यांनाही दफन करण्यात आले.