ताराबाई मोडक : अक्षराआधी कान आणि हात

मूल वाचनात मागे पडले, की दोष मुलावर येतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी शिकवण्याची रीतच बदलली. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धत राबवली. तीत खरखरीत अक्षरावर बोट फिरवत मूल त्याचा ध्वनी उच्चारते. डोळा, कान, हात एकत्र काम करतात. मग शब्द येतात. १९४५ मध्ये बोर्डीत त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून अनुताई वाघांसह शाळाच कुरणात नेली. आज बुलढाण्यातल्या एखाद्या शाळेत मूल वाचताना अडखळत असेल, तर आधी पाहावे : शब्दातले ध्वनी त्याला वेगवेगळे ओळखता येतात का?